तीन होड्या, चार दिवस, तिसवाडीची प्रदक्षिणा

तिसवाडी हे बेट आहे, हे पणजीत राहणाऱ्याला रोज आठवत नाही. गाडी पुलावरून जाते, खाली पाणी दिसतं, झालं. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला झुवारी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला या दोन नद्यांना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी. तीस वाड्यांची म्हणून तिसवाडी, एवढं शाळेत शिकले होते. पण इतकी वर्षं इथे काढून या बेटाला पाण्यातून पुरता वळसा कधी घातला नव्हता.

कल्पना माझ्या भाच्याची. तो दोन वर्षं करंझाळ्याच्या किनाऱ्यावर शिडाची होडी शिकतोय. एका रविवारी जेवताना म्हणाला, "आत्या, आपण सगळे मिळून तिसवाडीला फेरा मारूया. शर्यत लावून." दादाने लगेच नकाशा काढला आणि काठाकाठाने दोरा ठेवून मोजलं. पन्नासेक किलोमीटर भरले.

नुसती शर्यत वहिनीला पसंत नव्हती. ती म्हणाली, जो पहिला पोचेल तो काहीच बघणार नाही. म्हणून तिनेच नियम केला. आठ थांबे ठरवायचे: चोडण, दिवाडी, जुने गोवे, जुवे, कुंभारजुवे, बाणस्तारी, आगशी, दोनापावल. प्रत्येक थांब्याला पहिल्या पोचणाऱ्या होडीला एक गुण. पण त्या जागच्या माणसाच्या तोंडून पाण्याचा, होडीचा, बांधाचा, शेताचा एखादा शब्द आपल्या वहीत उतरवून आणला, तर दोन गुण. आपल्याला आधीच ठाऊक असलेला शब्द चालणार नाही. निवाडा आबांचा.

आबा म्हणजे आमचे शेजारी. जन्मभर फेरीबोटीवर काम करून निवृत्त झालेले. ते शर्यतीत नव्हते. मागून येणाऱ्या मोटरच्या होडीत ते आणि रायबंदरचे एक मच्छीमार, ज्यांना आम्ही सगळे 'बाब' म्हणत होतो, असे दोघं असणार होते. आमच्या तीन होड्या चार-चार मीटरच्या, मोठं शीड आणि पुढे जिब, म्हणजे छोटं शीड, दोघांनी चालवायच्या. नावं आम्हीच ठेवली, सगळी खाडीतल्या मासळीची. दादा-वहिनीची 'शेवटा', माझी आणि भाच्याची 'तिसरी', मावसभाऊ आणि त्याच्या कॉलेजातल्या मुलीची 'चणक'. सगळ्यांना लाइफ जॅकेट, आणि बंदर कप्तान खात्याला आधी कळवलेलं.

तारीख आबांनी काढली. "उधाणात जायचं नाही. भांगात जायचं," ते म्हणाले. अमावास्या-पुनवेला पाणी जोरात चढतं, जोरात उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक कमी, ओढ मवाळ, तो भांग. छोट्या होड्यांना तेच बरं. म्हणून माघ शुद्ध षष्ठी ते नवमी.

पहिला दिवस: पणजी ते दिवाडी

सकाळी साडेनऊपर्यंत ओहोटी होती, म्हणून घाई नव्हती. कांपालच्या काठावर डोलकाठ्या उभ्या केल्या, शिडं चढवली आणि वाऱ्याची वाट बघत बसलो. गोव्यात हिवाळ्यात वाऱ्याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहतो तो मतलई. उन्हं चढली की तो पडतो, तासभर सगळं निपचित, आणि मग समुद्रावरून खारा वारा सुटतो. साडेबाराला पाण्यावर काळसर रेघ उमटली, भाचा ओरडला, "आला!" आणि आम्ही निघालो. पाठीमागून वारा, खालून भरती. मांडवीत वर जायला याहून चांगला मुहूर्त नाही.

कसिनोंच्या बोटी मागे टाकल्या आणि तिन्ही पुलांखालून गेलो. पुलाखाली गेल्यावर आवाज बदलतो. वरून गाड्यांची घरघर येते आणि होडीच्या तळाला लागणारं पाणी मात्र जास्तच स्पष्ट ऐकू येतं. ५ जुलै १९८६ला इथला नेहरू पूल पडला तेव्हा मी तिसरीत होते. त्या पावसाळ्यात बाबांचं बोट घट्ट धरून बेतीच्या फेरीच्या रांगेत उभी राहायचे. आबा तेव्हा त्याच फेऱ्यांवर होते. पुलाखाली त्यांनी बाबला मोटर बंद करायला सांगितली, आणि काही न बोलता वर बघत राहिले.

पणजीहून रायबंदरला जाणारा बांधरस्ता उजव्या हाताला लागतो. पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिशच्या काळात, १६३३-३४मध्ये बांधलेला, तीनेक किलोमीटरचा. आजही त्यावरून गाड्या धावतात. त्याच्या पलीकडे मिठागरं. मिठाचा हंगाम नुकता सुरू झाला होता, पाणी अडवलेले चौकोन आरशासारखे चमकत होते.

चोडणला 'चणक' पहिली. फेरीच्या धक्क्याच्या बाजूला पक्षी अभयारण्य आहे, सालिम अलींच्या नावाचं, १९८८मध्ये जाहीर झालेलं. क्षेत्र फक्त १.७८ चौरस किलोमीटर, पण खारफुटी इतकी दाट की शिडाच्या उंचीवरूनही आतलं दिसत नाही. चिखलावर एक नांगी मोठी असलेले चिमुकले खेकडे ती नांगी वरखाली करत होते, आणि निवटे पाण्याबाहेर येऊन परांवर उड्या मारत होते. फेरीची वाट बघणाऱ्या एका आजींनी वहिनीला 'पोंय' हा शब्द दिला. बांधाच्या आत, मानशीजवळ, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांजवळ, जो खोल पाण्याचा डोह असतो, ती पोंय. सुंगटं, म्हणजे कोळंबी, तिथेच वाढतात. आबांनी मान डोलावली, 'शेवट्या'ला दोन गुण.

दिवाडीला उतरायच्या आधी आम्ही होड्या जरा आवरत्या घेतल्या. कारण या बेटावर एक बोटींचा कारखाना आहे. भारतीय नौदलाची 'म्हादेई' इथे बांधली गेली. ५६ फुटांची शिडाची बोट, मांडवीच्याच दुसऱ्या नावाची. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि नंतर अभिलाष टॉमी यांनी कुठेही न थांबता केली. तिची धाकटी बहीण 'तारिणी'ही इथलीच. २०१७-१८ साली वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी, सगळ्या स्त्रिया, तिच्यातून जगाला वळसा घालून आल्या. मला हे आधीही माहीत होतं. पण हातात शिडाची दोरी असताना, त्याच पाण्यावरून जाताना ते कळणं निराळं. भाचीने दोरी सोडून नमस्कार केला. 'चणक' डावीकडे कलली, आणि मावसभाऊ तिला एक शब्दही बोलला नाही.

रात्री दिवाडीला दादाच्या सहकाऱ्याच्या घरी मुक्काम. जुनं घर, खिडक्यांना काचा नाहीत, शिंपल्या. चपट्या, गोल, जवळजवळ पारदर्शक शिंपल्या चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांत बसवलेल्या. संध्याकाळी मी त्या खिडकीशी बसून राहिले. उजेड आत येतो पण उन्हाची धार येत नाही, दुधात हळद कालवल्यासारखा रंग. एक शिंपली निखळली होती, तिच्या जागी वहीचं पान चिकटवलं होतं. यजमानीणबाई म्हणाल्या, "असल्यो शिंपयो आतां मेळनात." जेवायला कोरगुटाच्या उकड्या तांदळाची पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर. कोरगुट म्हणजे खाऱ्या पाण्याला न डरणारं भात. पण तो शब्द सगळ्यांना आधीच ठाऊक होता, गुण नाही.

दुसरा दिवस: दिवाडी, जुने गोवे, जुवे, कुंभारजुवे

रथसप्तमी. यजमानीणबाईंनी अंगणात गोवऱ्यांवर बोळक्यात दूध ठेवलं होतं, ते पूर्वेला उतू गेलं तेव्हाच आम्हाला निघायची परवानगी मिळाली.

जुने गोवे समोरच. मतलईवर दहा मिनिटांत पलीकडे. धक्क्याला उतरून वर चढलं की व्हाइसरॉयची कमान. नवा व्हाइसरॉय आला की याच पाण्यातून यायचा आणि याच कमानीतून शहरात शिरायचा. एके काळी इथे जहाजांची दाटी असे, मग रोगराई आली, लोक सोडून गेले आणि १८४३मध्ये राजधानी पणजीला गेली. आता सगळे लोक रस्त्याच्या बाजूने, चर्चमध्ये जातात. नदीकडे पाठ. तासभर फिरलो, तिन्ही होड्यांना मिळून एकही शब्द मिळाला नाही. पाण्याविषयी सांगणारं कुणी भेटलंच नाही. मला त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

दुपारच्या भरतीबरोबर जुव्याकडे. नदी इथे अनेक हातांनी फाकते. दिवाडी, वांशी, जुवे, आखाडा, सगळी बेटंच. कुठला फाटा कुठे जातो हे शिडावरून कळत नाही, बाब पुढे जाऊन हात करत होते. 'तिसरी' इथे पहिली आली, भाच्याचं कसब.

जुव्याच्या टेकडीवर किल्ल्याचे अवशेष आहेत. १६८३च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या फौजेने एका रात्रीत हे बेट घेतलं. इथून जुनं गोवं हाकेवर. घाबरलेला व्हाइसरॉय स्वतः सैन्य घेऊन आला आणि जखमी होऊन परत पळाला. त्याचा पाठलाग करताना महाराजांनी घोडा पाण्यात घातला, तेव्हा भरतीचं पाणी चढत होतं. घोडा पोहणीला लागला. खंडो बल्लाळांनी उडी घालून महाराजांना वाचवलं. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. पण तिच्यातली भरती मला कधी दिसली नव्हती. त्या टेकडीवर उभं राहून खाली बघितलं. अर्ध्या तासापूर्वी आम्ही होडी लावली तेव्हा जो चिखलाचा पट्टा होता, तो नाहीसा झाला होता. आवाज नाही, लाट नाही. नुसतं पाणी आलं होतं. ज्याचं आयुष्य डोंगरांत गेलं, त्याला या पाण्याचा अंदाज कसा यावा?

खाली मळ्यात एक बाई भेंड्यांना पाणी घालत होत्या. जुव्याची भेंडी प्रसिद्ध आहे, सात शिरांची, लांब, फिकट हिरवी. त्यांनी आम्हाला दोन कच्च्या खायला दिल्या. मी म्हटलं, काकी, बेटावर चारी बाजूंनी खारं पाणी, मग भाजी कशी? त्या म्हणाल्या, बांध आहे तोवर सगळं आहे. बांध फुटला की एका भरतीत शेत जातं, आणि मीठ बसलं की दोन-तीन पावसाळे धुवावं लागतं. त्यांच्या सासरची एक शेतजमीन अशीच गेली. आता तिथे खारफुटी आहे. "बरी दिसता न्ही?" त्या म्हणाल्या. मला काय उत्तर द्यावं कळलं नाही. खारफुटी मला खरंच आवडते. पण त्या हिरवळीखाली कुणाचं तरी भात आहे, हे त्या दिवसापासून विसरता येत नाही.

संध्याकाळी कुंभारजुव्याला. देवळाजवळच्या घाटावर होड्या बांधल्या. इथे गणेशचतुर्थीच्या सातव्या दिवशी सांगोड असतो. दोन होड्या शेजारीशेजारी बांधून, त्यांवर फळ्यांचा मंच करून, गावकरी पौराणिक देखावे उभे करतात आणि पाण्यावरून मिरवणूक निघते. घाटावरच्या एका आजोबांनी भाचीला ती बांधणी दोन काड्या आणि करदोट्याने करून दाखवली. मधला दोर फार ताणायचा नाही, दोन्ही होड्यांना आपापलं डुलता आलं पाहिजे, नाहीतर वरचे देव पडतात. 'सांगोड' माहीत होता, म्हणून गुण नाही. पण आबांनी नियम बाजूला ठेवून 'चणक'ला एक गुण दिला. काड्यांसाठी, म्हणाले.

तिसरा दिवस: खाडीत

कुंभारजुव्याची खाडी पंधरा-सोळा किलोमीटर लांब. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटतात आणि ते तोंड बंद होतं, तेव्हा खनिजाच्या बार्जेस याच खाडीतून झुवारीला उतरून मुरगाव गाठायच्या. त्यामुळे मधला प्रवाह खोल आहे. पण वळणांवर आतल्या बाजूला गाळ. बाबनी सकाळीच बजावलं होतं, बाहेरच्या अंगाने चला.

खाडीत वारा लागत नाही. दोन्ही काठांना कांदळ आणि तिवराची भिंत. गवंडाळीच्या पुलाखालून निघाल्यावर शिडं मरगळली, वल्ही काढली. दहाच्या सुमाराला 'शेवटा' आमच्या पुढे दोनशे हात होता. भाचा म्हणाला, "आत्या, आतून कापूया?" मी हो म्हटलं. चूक माझी. तो सतरा वर्षांचा आहे, मी मोठी होते. सेंटरबोर्ड, म्हणजे होडीच्या तळातून पाण्यात सोडलेली फळी, आधी खरवडला, आम्ही तो वर ओढला, आणखी दहा हात गेलो आणि 'तिसरी' बसली. वल्ह्याने ढकलायला गेलो तर वल्हं कोपरभर चिखलात रुतलं. ओहोटी चालू होती. पाच मिनिटांत होडीभोवतीचं पाणी वीतभर उरलं, अर्ध्या तासात नुसता गाळ.

उतरून ढकलायचा प्रश्नच नव्हता. एक तर कमरेपर्यंत रुतलो असतो. आणि दुसरं, समोरच्या काठावर, साठ-सत्तर हातांवर, मगर उन्हाला आली होती. आधी ओंडकाच वाटली. मग तिने जबडा उघडला आणि तसाच उघडा ठेवून पडून राहिली. या खाडीत मगरी आहेत हे सगळ्यांना माहीत आहे, लोक त्या बघायला बोटीने येतात. पण अडकलेल्या होडीतून बघणं वेगळं. भाच्याचा हात थंड पडला होता. आबांची होडी मधल्या प्रवाहात नांगर टाकून उभी राहिली. त्यांनी ओरडून सांगितलं, "बाये, हालूं नाकात. भरती आयल्या बगर कांय जावचें ना." दोर फेकून ओढलं असतं तर होडी कलंडली असती.

मग तीन तास आम्ही तिथेच. त्या तीन तासांत मी जे पाहिलं, ते सगळ्या फेऱ्यात सर्वांत जवळून पाहिलेलं.

आमच्या मागे, वीस हातांवर, बांध होता आणि त्यात मानस. जांभ्या दगडाच्या दोन भिंती, मधे लाकडी दारं, वरून बिजागऱ्यांवर टांगलेली. खाडीचं पाणी खाली गेलं तसं आतल्या खाजनातलं, म्हणजे बांध घालून राखलेल्या शेतजमिनीतलं, पाणी दारं ढकलून बाहेर येत होतं. कुणी उघडली नव्हती. पाण्याच्या जोरावर ती आपली आपण हातभर बाहेर कलली होती. तोंडाशी पिशवीसारखं जाळं लावलं होतं, आणि एक मध्यमवयीन गृहस्थ बांधावर बसून त्यावर नजर ठेवून होते. पाण्याबरोबर सुंगटं येत होती, जाळ्याच्या शेपटाशी उसळत होती.

आरडाओरड ऐकून ते आमच्याकडे वळले, आणि मग बसल्या बसल्या बोलायला लागले. मानशीवरच्या मासळीचा लिलाव होतो, हक्क एका वर्षापुरता. त्या पैशांतून बांधाची डागडुजी व्हायची. बांधाला चिखल, पेंढा आणि दगड लागतो, आणि लागतात रोज बघणारे डोळे. खेकडा भोक पाडतो, ते भोक त्याच दिवशी बुजवलं नाही तर उधाणात तिथूनच पाणी फोडतं. "पयलीं सगलो गांव येतालो," ते म्हणाले. आता शेतं पडीक, मुलं नोकरीला, आणि बांध दोघा-तिघांच्या जिवावर.

बांधाच्या कडेला मातीचा एक लांबोळका आकार पडला होता, वाळून तडकलेला. मी विचारलं. ते म्हणाले, माणगे. माणगे म्हणजे मगर. पौषातल्या अमावास्येला, म्हणजे आठवड्यापूर्वी, खाजनातल्या मातीची मगर करून पूजतात, ती माणगेथापणी. मी होडीतून मान लांब करून बघितलं. डोळ्यांच्या जागी दोन शिंपले होते. पाठीवरचे काही गळून खाली पडले होते. शेपटीचं टोक भरतीने नेलं होतं. त्या गृहस्थांकडून शब्द घेतला, वहीत लिहिला. आणि मग परत समोरच्या काठाकडे बघितलं. खरी मगर तशीच होती. या माणसांनी तिला मारून टाकायचं नव्हे, तर मातीची करून बांधावर बसवायचं ठरवलं. रोज चिखलात उतरणाऱ्याने ठरवलं. माझी भीती त्यानंतर गेली असं नाही, पण ती जरा सरळ बसली.

एकच्या पुढे पाणी परतलं. आधी चिखलावरच्या बारीक ओहोळांची दिशा बदलली. मग मानशीचा आवाज हळूहळू कमी झाला. बाहेरचं पाणी आतल्याच्या बरोबरीला आलं, दारं क्षणभर लोंबती राहिली, आणि मग भरतीने त्यांना आत दाबलं. ठप्प. एकदा, आणि लगेच दुसरं दार, ठप्प. आत भात, बाहेर समुद्र. एवढ्या आवाजावर इतक्या वर्षांची शेती उभी आहे. भाचा म्हणाला, "आत्या, हे कुणी शोधलं असेल?" त्या गृहस्थांनी ऐकलं आणि हसून हाताने मागे, मागे, आणखी मागे असं दाखवलं.

मगर कधी पाण्यात गेली ते आम्हाला कळलंच नाही. वीस मिनिटांनी 'तिसरी' तरंगली. बाणस्तारीला बाकीच्या दोघी दुपारपासून थांबल्या होत्या. वहिनीने माझ्यासाठी बाजारातून उकडलेली कणंगां आणली होती, ती मी उभ्या उभ्या खाल्ली. दादाने मात्र भाच्याला सोडून मला झापलं, आणि ते योग्यच होतं.

तिथून पुढे खाडी रुंद होते, उजव्या हाताला तिसवाडीची खाजनं, डाव्या हाताला मडकई. अंधार पडायच्या आत झुवारीच्या तोंडाशी आलो आणि मोटरच्या होडीला दोर बांधून आगशीला पोचलो. दोर बांधला म्हणून तिघींचेही पहिलेपणाचे गुण गेले. आबा म्हणाले रात्री वारा नाही, झुवारी रुंद आहे, हट्ट नको. डोक्यावर अष्टमीचा अर्धा चंद्र होता.

चौथा दिवस: आगशी ते पणजी

साडेसहाला भरती संपली आणि मतलई सुटला. हाच तो मुहूर्त ज्यासाठी आबांनी चार दिवसांचा हिशेब उलटा मांडला होता. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात झुवारी उतरायची म्हणजे वारा तोंडावर, दर मिनिटाला टॅक, म्हणजे शीड पलटून नागमोडी वळणं. सकाळी मात्र पाठीवर वारा आणि पायाखाली ओहोटी.

झुवारीवर तिन्ही पूल आहेत. १९८३चा जुना, कोकण रेल्वेचा, आणि २०२२च्या डिसेंबरात खुला झालेला तारांचा नवा. नव्या पुलाचे मनोरे धुक्यात वरचे वर तरंगत होते. खाली एक बाप-लेक होडीतून खुटांना बांधलेलं जाळं उचलत होते. आगशीचा शब्द 'शेवट्या'ने तिथेच घेतला, होडी न थांबवता, नुसती शिडं सैल सोडून. त्यांच्या बोलीत या पहाटवाऱ्याला 'मतलय' म्हणतात. शब्द आपलाच, पण शेवटचा स्वर निराळा. आबांनी बराच विचार केला आणि एक गुण दिला.

दोनापावलपर्यंतचं पाणी आम्ही जवळजवळ न बोलता कापलं. मुरगावच्या बाजूला नांगरलेली जहाजं, आणि मधे एकदा, डावीकडे, तीन डॉल्फिन. पाठी दिसल्या, गेल्या. दोनापावलच्या खडकांवर बायका कोयत्याने शिनाणे खरवडत होत्या. पुढे काबो. राजभवनाच्या टोकाला वळसा घालताना पहिल्यांदा समुद्राचा खरा उसासा होडीखाली आला. मोठी लाट नव्हती, लांब, सावकाश, खालून वर उचलणारी. समोर आग्वाद, १६१२चा किल्ला. मतलई पडला होता. आम्ही मिरामारला वाळूवर होड्या ओढल्या आणि भरतीची वाट बघत माडाखाली जेवलो.

एकला पाणी फिरलं, पाठोपाठ खारा वारा. पणजीत शिरताना तिन्ही होड्या एका रेषेत आल्या, कुणी ठरवलं नव्हतं. 'चणक' शेवटच्या क्षणाला पुढे गेली.

वह्या उघडल्या. 'शेवटा' सात, 'चणक' सहा, 'तिसरी' पाच. वहिनी जिंकली. तिने वही मिटली आणि आबांपुढे धरली. "तुमचा शब्द राहिला," ती म्हणाली. आबा नको नको म्हणत होते. मग त्यांनी पेन घेतलं. फेरीबोटी यायच्या आधी रायबंदर-चोडणच्या मधे त्यांचे वडील होडी वल्हवून लोकांना पलीकडे न्यायचे, हे आम्हाला चाळीस वर्षांच्या शेजारात कधी कळलं नव्हतं. त्यांनी मोठ्या, एकेक सुट्या अक्षरांत लिहिलं: तारी. आणि खाली, जरा थांबून, वडिलांचं नाव.